काउंटरवरून सर्व्हरवर: कन्सोल गेमच्या विक्रीचे दोन मार्ग

कन्सोलवरचा व्हिडिओ गेम ग्राहकाच्या हाती दोन वाटांनी येतो. डिस्क किंवा कॅसेट दुकानातून विकत आणायची, नाहीतर कन्सोलमधल्याच ऑनलाइन दुकानात पैसे भरून गेम थेट डाउनलोड करायचा. सोनीचे प्लेस्टेशन स्टोअर, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स स्टोअर आणि निन्टेंडोचे ईशॉप ही आजची तीन मोठी ऑनलाइन दुकाने. पडद्यावर दिसणारा गेम दोन्हीकडे तोच असतो. बरेचदा पहिल्या दिवशीची किंमतही तीच. फरक पडतो तो पैसे मोजून झाल्यावर. गेम मित्राला देता येतो का, खेळून झाल्यावर विकता येतो का, वर्षभराने त्याची किंमत कोण ठरवणार, आणि वीस वर्षांनी तो चालू तरी होणार का, या प्रश्नांची उत्तरे दोन वाटांवर वेगवेगळी मिळतात. डिस्क आणि डाउनलोड यांच्यातली स्पर्धा वरवर सोयीची वाटते, पण तिच्या मुळाशी विक्रीनंतरचा ताबा कोणाकडे राहणार हा वाद आहे.

सुरुवातीला दुकानाला पर्यायच नव्हता. अटारी २६०० हे यंत्र १९७७ मध्ये बाजारात आले तेव्हा गेम म्हणजे प्लास्टिकच्या कवचातली चिप. ती कारखान्यात बनायची, खोक्यात भरली जायची आणि खेळण्यांच्या दुकानात मांडली जायची. माल खपला नाही तर नुकसान कोणी सोसायचे, हा या धंद्याचा पहिला मोठा पेच ठरला. १९८२-८३ मध्ये अमेरिकेत सुमार दर्जाच्या कॅसेटींचा पूर आला, दुकाने न खपलेल्या मालाने भरली, आणि अनेक छोट्या कंपन्यांकडे तो परत घेण्याइतके पैसेच नव्हते. दुकानदारांनी भाव पाडून माल फुंकून टाकला. अटारीने तर १९८३ च्या सप्टेंबरात न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत न विकलेल्या कॅसेटी पुरल्या. ही गोष्ट अनेक वर्षे दंतकथा मानली जाई. २०१४ मध्ये जागा खणली तेव्हा 'ई.टी.' या गेमसह बऱ्याच कॅसेटी खरोखरच बाहेर निघाल्या.

या पडझडीनंतर अमेरिकेत उतरलेल्या निन्टेंडोने धडा घेतला. १९८५ पासून तिथे विकल्या गेलेल्या तिच्या कन्सोलमध्ये एक कुलूपवजा चिप होती. कंपनीच्या परवान्याशिवाय बनलेली कॅसेट त्यात चालत नसे. कॅसेटी निन्टेंडोकडूनच बनवून घ्याव्या लागत, त्याचे पैसे आगाऊ मोजावे लागत आणि किती प्रती खपतील याचा अंदाज महिनोन्‌महिने आधी बांधावा लागे. अंदाज चुकला तर दोन्हीकडून फटका: कमी मागवल्या तर ऐन हंगामात माल नाही, जास्त मागवल्या तर गोदाम भरलेले. १९९४ च्या अखेरीस जपानमध्ये आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशनने हे गणित मोडले. सीडी बनवायला स्वस्त, मागणी वाढली तर झटपट पुन्हा छापता येणारी आणि साडेसहाशे मेगाबाइट माहिती सामावणारी. निन्टेंडो ६४ मात्र कॅसेटवरच अडून राहिला. 'फायनल फँटसी'ची मालिका निन्टेंडोला सोडून सोनीकडे गेली ती मुख्यतः जागेसाठी. १९९७ चा तिचा सातवा भाग तीन सीडींवर आला.

गेम तारेतून किंवा आकाशातून पाठवण्याची कल्पना मात्र सीडीहून जुनी आहे. १९८३ मध्ये 'गेमलाइन' नावाच्या सेवेने अटारीसाठी टेलिफोनवरून गेम उतरवून देण्याचा प्रयोग केला. तो फसला, पण त्या कंपनीच्या अवशेषांतूनच पुढे अमेरिका ऑनलाइन ही इंटरनेट कंपनी उभी राहिली. सेगाने १९९४ मध्ये केबल टीव्हीच्या तारेवरून गेम पुरवले. यंत्र बंद केले की उतरवलेला गेम पुसला जाई. निन्टेंडोने १९९५ मध्ये जपानमध्ये उपग्रहाचा वापर केला. यांतला सर्वांत मजेशीर प्रकार त्याआधीचा, १९८६ चा. निन्टेंडोच्या फॅमिकॉम डिस्क सिस्टिमची पिवळी चकती घेऊन जपानी मुले दुकानात जात, तिथल्या यंत्रात ती घालत आणि ५०० येन देऊन तिच्यावरचा जुना गेम पुसून नवा भरून घेत. माल दुकानात, पण साठा नाही. विक्री दुकानात, पण खोका नाही. दुकानदारांना हे फारसे रुचले नाही, कारण यंत्राने जागा अडवली आणि हाती पडणारी रक्कम तुटपुंजी होती. आजच्या डाउनलोडबद्दल दुकानदारांची जी तक्रार आहे, ती त्या यंत्रासमोर उभे राहूनच पहिल्यांदा केली गेली म्हणायला हरकत नाही.

दुकानदाराची तक्रार समजायला पैशाची वाटणी पाहावी लागते. २०१० च्या सुमारास अमेरिकेत नव्या गेमची किंमत ६० डॉलर होती. त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा दुकानाचा, काही डॉलर कन्सोल बनवणाऱ्या कंपनीच्या परवान्याचे, काही छपाई-वाहतुकीचे, काही न खपलेल्या मालाच्या परतीसाठी राखलेले. उरलेला निम्म्याहून थोडा कमी वाटा प्रकाशकाचा, आणि गेम बनवण्याचा खर्च त्यातूनच भागवायचा. डाउनलोडमध्ये ही साखळी तुटते. ऑनलाइन दुकानाची मालक असलेली कन्सोल कंपनी सर्वसाधारणपणे ३० टक्के कापून घेते आणि बाकीचे ७० टक्के प्रकाशकाला मिळतात. खोका नाही, ट्रक नाही, परतावा नाही. प्रकाशकांचा ओढा डाउनलोडकडे का, हे यावरूनच कळते.

पण त्यांना याहून जास्त खुपत होता तो सेकंडहँडचा बाजार. नव्या गेमवर दुकानदाराला मिळणारा नफा बेताचाच. अमेरिकेतल्या गेमस्टॉप या साखळीने खरी कमाई केली ती वापरलेल्या डिस्कवर. ग्राहक खेळून झालेला गेम काउंटरवर ठेवी, त्या बदल्यात थोडे पैसे किंवा नव्या गेमवर सूट घेई. दुकान ती डिस्क पुसून, पाकिटावर नवे लेबल लावून ५५ डॉलरला मांडी. शेजारीच कोरी प्रत ६० ला. पाच डॉलर वाचवणारे गिऱ्हाईक वापरलेली प्रत उचले आणि तिच्यातला जवळजवळ निम्मा पैसा दुकानाचा नफा असे. प्रकाशकाला त्यातून छदामही मिळत नसे. प्रकाशक याला जवळजवळ चोरी समजत. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर हाच बाजार नव्या गेमची महाग किंमत परवडण्याजोगी करत होता, कारण जुना विकूनच अनेकांनी नवा घेतला. हा मुद्दा प्रकाशकांनी कधी मनावर घेतला नाही. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या प्रकाशक कंपनीने खोक्यात एकदाच चालणारा कोड घालायला सुरुवात केली: सेकंडहँड प्रत घेणाऱ्याला ऑनलाइन खेळायचे तर वेगळे पैसे. ग्राहकांच्या नाराजीनंतर २०१३ मध्ये ही पद्धत कंपनीने बंद केली.

दरम्यान कन्सोलवरची ऑनलाइन दुकाने उघडली होती. मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स लाइव्ह सेवा २००२ ची. सोनीचे प्लेस्टेशन स्टोअर आणि निन्टेंडोचे वी शॉप चॅनल २००६ च्या नोव्हेंबरातले. सुरुवातीला तिथे मोठे गेम नव्हतेच. एक्सबॉक्स ३६० च्या स्वस्त मॉडेलमध्ये हार्ड डिस्क नव्हती, म्हणून डाउनलोडच्या गेमला ५० मेगाबाइटची मर्यादा घातली होती. या मर्यादेतच छोट्या, स्वतंत्र गेमनिर्मात्यांना जागा सापडली. ज्यांना दुकानाच्या फळीवर कधीच जागा मिळाली नसती असे गेम दहा-पंधरा डॉलरला विकले जाऊ लागले, आणि डिजिटल विक्रीने कन्सोलच्या जगाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे. मोठे गेम मागाहून आले. सोनीने घाई करून २००९ मध्ये डिस्कची सोयच नसलेला पीएसपी गो हा हातातला कन्सोल काढला, तो साफ आपटला. ज्यावर पुढे एकही गेम विकता येणार नाही असे यंत्र खपवण्यात दुकानांना रस नव्हता, आणि आधीच्या पीएसपीच्या डिस्क घरात असलेल्यांना तो निरुपयोगी होता.

२०१३ मध्ये वाद चव्हाट्यावर आला. मायक्रोसॉफ्टने मे महिन्यात एक्सबॉक्स वन जाहीर केला. डिस्क असली तरी गेम खात्याला जोडला जाणार, यंत्राला चोवीस तासांत एकदा तरी इंटरनेटवर हजेरी लावावी लागणार, आणि वापरलेला गेम विकायचा की नाही हे प्रकाशक ठरवणार, अशी योजना होती. जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या ई३ प्रदर्शनात सोनीने जाहीर केले की प्लेस्टेशन ४ वर असे काही नसेल, आणि गेम दुसऱ्याला कसा द्यावा हे शिकवणारी अर्ध्या मिनिटाहूनही छोटी चित्रफीत काढली. तिच्यात सोनीचा एक अधिकारी दुसऱ्याच्या हातात डिस्कचे पाकीट ठेवतो, शिकवणी संपली. मायक्रोसॉफ्टने १९ जूनला माघार घेतली. हा ग्राहकांचा विजय म्हणून साजरा झाला. पुढच्या दहा वर्षांत त्याच ग्राहकांनी, कोणी सक्ती न करता, बहुतेक गेम डाउनलोड करूनच घेतले, हा भाग नंतरचा.

याचे एक कारण डिस्कचेच बदललेले काम आहे. आज प्लेस्टेशन ५ मध्ये डिस्क घातली की गेम लगेच सुरू होत नाही. डिस्कवरची माहिती आधी यंत्राच्या आतल्या साठवणीत उतरवली जाते, कारण फिरणाऱ्या चकतीवरून वाचण्याचा वेग आजच्या गेमला पुरत नाही. ती उतरत असताना यंत्र इंटरनेटवरून दुरुस्त्या मागवते. डिस्क छापायला गेल्यानंतरही निर्माते काम करत राहतात, त्यामुळे छापील प्रत जन्मतःच जुनी असते. दुरुस्त्या कधी काही मेगाबाइटच्या, कधी अनेक गिगाबाइटच्या. त्यानंतर खेळताना डिस्क यंत्रातच ठेवावी लागते, पण ती फक्त मालकी सिद्ध करण्यापुरती. २०१५ च्या 'टोनी हॉक्स प्रो स्केटर ५'ची डिस्क तर जवळजवळ सरावाच्या भागापुरतीच होती. मुख्य गेम पहिल्या दिवशीच्या डाउनलोडमधून आला. डिस्क घेऊनही डाउनलोडची वाट पाहायचीच असेल, तर दुकानात जायचे कशाला, असा विचार ग्राहकाने केला तर त्याला दोष देता येत नाही.

आकडेही तेच सांगतात. सोनीच्या हिशेबानुसार २०१८-१९ या आर्थिक वर्षात प्लेस्टेशनवरच्या पूर्ण गेमच्या विक्रीत डाउनलोडचा वाटा निम्म्यापेक्षा बराच कमी होता. कोविडच्या २०२०-२१ मध्ये तो ६५ टक्क्यांवर गेला आणि २०२४-२५ मध्ये तीन-चतुर्थांशाच्या आसपास पोहोचला. टाळेबंदीत लागलेली सवय दुकाने उघडल्यावरही सुटली नाही. निन्टेंडोचा हा वाटा निम्म्याच्या जवळपास राहिला आहे, कारण तिचे गेम लहान मुलांना भेट दिले जातात आणि खोका भेट देता येतो. मायक्रोसॉफ्टने २०२० ची एक्सबॉक्स सिरीज एस डिस्कच्या खाचेविनाच काढली. २०२४ च्या नोव्हेंबरात ७०० डॉलरला आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रो मध्येही ड्राइव्ह नाही. हवा असेल तर ८० डॉलरला वेगळा घ्यायचा. गेमस्टॉपची जगभरातली दुकाने एके काळी सात हजारांच्या आसपास होती, २०२५ च्या सुरुवातीला ती तीन हजारांच्या थोडी वर उरली होती. २०२१ च्या जानेवारीत रेडिटवरच्या हौशी गुंतवणूकदारांनी तिचा शेअर आकाशाला नेऊन भिडवला. त्यातून कंपनीला भांडवल मिळाले, गिऱ्हाईक मात्र परतले नाही.

दुकाने कमी झाली की भावाची स्पर्धाही कमी होते, आणि ग्राहकाच्या दृष्टीने हा सर्वांत जड तोटा आहे. डिस्क दहा दुकाने विकतात. एकाने भाव पाडला की दुसऱ्याला पाडावा लागतो, शिवाय खाली सेकंडहँडचा भाव असतोच. प्लेस्टेशनवर डाउनलोडचे दुकान एकच. पूर्वी इतर विक्रेते पूर्ण गेमच्या डाउनलोडचे कोड विकत. सोनीने १ एप्रिल २०१९ पासून ते थांबवले. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये सोनीवर सुमारे ५ अब्ज पौंडांचा सामूहिक दावा दाखल झाला, तो याच मक्तेदारीवर आणि ३० टक्क्यांच्या कपातीवर बोट ठेवून. ऑनलाइन दुकानात सवलतीचे सेल वारंवार लागतात आणि जुने गेम अगदी कवडीमोलाने मिळतात, हे खरे. पण सेल कधी लावायचा हे मालक ठरवतो, आणि संपला की किंमत पूर्ववत. दुकानातली डिस्क एकदा उतरली की सहसा उतरलेलीच राहते.

मालक गेम फळीवरून काढूही शकतो. 'सायबरपंक २०७७' हा गेम १० डिसेंबर २०२० ला आला तो जुन्या प्लेस्टेशनवर वारंवार बंद पडणारा. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या स्टोअरमधून काढला आणि पैसे परत देऊ केले. जवळपास सहा महिने तो तिथे मिळत नव्हता. या काळात दुकानांत त्याची डिस्क विकली जात होती. ग्राहकाचे भले की वाईट, हा वेगळा प्रश्न, पण हुकूम कुठपर्यंत चालतो याची सीमा त्यात स्पष्ट दिसली.

कायदाही या सीमेवरच घुटमळतो. पुस्तक असो की डिस्क, एकदा विकलेल्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा हक्क उरत नाही, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये एका कादंबरीच्या खटल्यात मान्य केले होते. डाउनलोडला ते लागू होत नाही, कारण तिथे प्रत विकलीच जात नाही. ग्राहकाला वापरण्याचा परवाना मिळतो आणि तो त्याच्या खात्याला बांधलेला असतो. पटापट 'मान्य' दाबून पुढे जाणाऱ्या करारात हे लिहिलेले असते. कॅलिफोर्नियाने निदान ही गोष्ट झाकून ठेवायला बंदी केली आहे: १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल माल विकताना ग्राहकाला फक्त परवाना मिळत आहे हे स्पष्ट सांगावे लागते.

भारतात या सगळ्याला वेगळी किनार आहे. नव्वदच्या दशकात इथल्या घरांत आलेले 'टीव्ही गेम' बहुतांशी जपानी यंत्राच्या नकला होते आणि त्यांच्या कॅसेटीही परवान्याविना बनलेल्या. पुढे प्लेस्टेशन २ च्या काळात कुलूप चुकवणारी चिप बसवलेली यंत्रे आणि कॉपी केलेल्या डिस्क सर्रास चालत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा मालासाठी प्रसिद्ध होता. अस्सल डिस्कची सवय लागली ती प्लेस्टेशन ३ आणि ४ च्या पिढीत, आणि तिच्याबरोबरच डिस्क अदलाबदलीची, ओएलएक्सवर विकण्याची, कॉलेजात चार जणांत मिळून घेण्याची. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना आणि डिस्कविना ३९,९९० ला होता. दहा हजार वाचत हे खरे, पण सोनीचा नवा गेम तेव्हा ४,९९९ चा होता. तो खेळून तीन हजारांना विकता आला, तर चौथ्या गेमला डिस्कवाल्याचा जादा खर्च निघून येतो. त्यापुढचे सगळे डिस्कवाल्याच्या फायद्याचे. उलट बाजूने इंटरनेट स्वस्त आणि वेगवान झाले, तालुक्याच्या गावात गेमचे दुकान नसले तरी फायबरची जोडणी पोहोचू लागली. १०० गिगाबाइटचा गेम ५० एमबीपीएसच्या जोडणीवर साडेचार तासांत उतरतो. १० एमबीपीएसवर त्यालाच बावीस तास लागतात.

डिस्कच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा जतनाचा. निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकाने २७ मार्च २०२३ ला बंद केली, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ ला. आधी घेतलेले गेम अजून उतरवता येतात, नव्याने घेता येत नाहीत. जे फक्त डाउनलोडनेच निघाले होते ते बाजारातून नाहीसे झाले. 'स्कॉट पिलग्रिम' या चित्रपटाशी जोडलेला २०१० चा गेम परवान्यांचे करार संपल्यामुळे २०१४ च्या अखेरीस गायब झाला आणि थेट २०२१ मध्ये परतला. त्याची डिस्क निघालीच नव्हती, त्यामुळे मधली सहा वर्षे तो विकत घेण्याची सोय कुठेच नव्हती. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. अर्थात डिस्क म्हणजे अमरपट्टा नव्हे. युबिसॉफ्टने 'द क्रू' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले तेव्हा तो डिस्कवर घेतलेल्यांचाही गेम थांबला, कारण सर्व्हरशिवाय तो चालूच होत नसे. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहिमेने २०२५ मध्ये युरोपीय संघापुढच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या जमवल्या.

५ जून २०२५ ला आलेल्या निन्टेंडो स्विच २ ने या दोन वाटांच्या मधोमध तिसरी काढली आहे. त्याच्या अनेक गेमच्या कार्डात गेम नसतोच. असते ती फक्त तो डाउनलोड करण्याची परवानगी. गोदामातून माल उचलण्यासाठी दिलेल्या चिठ्ठीसारखा हा प्रकार: चिठ्ठी दुसऱ्याला देता येते, विकता येते, पण गोदाम बंद झाले की हातात कागद उरतो. प्रकाशकांना हे सोयीचे, कारण मोठ्या क्षमतेची कार्डे महाग पडतात. सरसकट सगळ्यांनी मात्र तो मार्ग धरलेला नाही. 'सायबरपंक २०७७' स्विच २ वर ६४ गिगाबाइटच्या कार्डावर पूर्णपणे आला. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात देशात निघणारे गेम जतन केले जातात. अशा कार्डात मूळ मजकूरच नसल्याने ती आपण संग्रहात घेणार नाही, असे ग्रंथालयाने कळवले. दुकानांना मात्र ही कार्डे चालतात: खोका आहे, फळी भरते, सेकंडहँडचा व्यवहार होतो. दुसऱ्या टोकाला लिमिटेड रनसारख्या छोट्या कंपन्या डाउनलोडने निघालेल्या गेमच्या ठरावीक प्रती आगाऊ मागणी घेऊन छापतात. त्या संग्राहक घेतात, बरेचदा पाकीट न फोडता, आणि खेळण्यासाठी तोच गेम डाउनलोड करून ठेवतात.